कोसळण्याआधी ती काय करीत होती?

घरातील आजारपण छापील पानावर आणू नये, असा आमच्या घरचा जुना दंडक आहे, आणि या सदरात तो आम्ही आजवर पाळत आलो. आज तो मोडीत आहोत. जिच्याविषयी लिहावयाचे ती आमच्या धाकट्या भावाची कन्या. तिची आणि तिच्या आईवडिलांची संमती घेतली आहे. नाव मात्र छापू नये, असे आमच्या भावजयीने बजावले. मुलीचे म्हणणे, छापले तर काय बिघडते? आम्ही वडीलधाऱ्यांच्या बाजूने कौल दिला.

प्रकरणाची सुरुवात डिसेंबर २०२२ मध्ये झाली. येथे इंदूरलाच, शाळेच्या क्रीडास्पर्धांत, दोनशे मीटर धावताना शेवटच्या वळणावर ती पालथी पडली. तेरा वर्षांची, सडपातळ, चपळ मुलगी. हनुवटीला तीन टाके पडले. अडखळून पडणारा माणूस हात पुढे करतो. तळवे खरचटतात, कोपर सोलवटते. हिचे तळवे स्वच्छ होते. ही गोष्ट त्या दिवशी सर्वांनी पाहिली आणि एकानेही ध्यानात घेतली नाही. सकाळी पोहे न खाता घराबाहेर पडली, म्हणून भोवळ आली, असा निर्णय घरात एकमताने झाला. टाके घालणाऱ्या दवाखान्यात एक हृदयाचा आलेख, म्हणजे ईसीजी, काढला गेला. यंत्राने त्यावर ‘सामान्य’ असे छापले आणि तो कागद फाईलमध्ये गेला. त्या कागदाकडे आपणांस पुन्हा यावयाचे आहे.

मे २०२३ मध्ये तरणतलावात पोहता पोहता ती खाली गेली. शिक्षकांचे लक्ष होते म्हणून निभावले. नाकातोंडात पाणी गेले, घाबरली, असे ते म्हणाले. आम्हांलाही ते पटले. त्याच वर्षी गणपतीच्या दिवसांत गल्लीतील एक कुत्रे भुंकत तिच्या अंगावर आले. ती चार पावले पळाली आणि किराणा दुकानाच्या पायरीशी कोसळली. या वेळी मात्र अंग ताठ झाले, हातांना झटके बसले, डोळे वर गेले, कपडे ओले झाले. माणसे जमली. कोणी नाकाशी कांदा धरला, कोणी चप्पल, कोणी मुठीत किल्ल्यांचा जुडगा दिला. या तिन्ही उपायांनी काही होत नाही. माणूस शुद्धीवर यावयाचा तेव्हा येतो आणि श्रेय कांद्याला मिळते. दृष्ट काढून झाली. एका नातेवाइकांनी अंगारा पाठविला. पाठविण्यामागचे प्रेम खरे होते, म्हणून त्याविषयी अधिक लिहीत नाही.

झटके आले म्हणजे फिट, हे समीकरण आपल्याकडे इतके पक्के आहे की मुलीला ज्या मोठ्या रुग्णालयात नेले तेथेही कोणी ते तपासून पाहिले नाही. पाच मिनिटांची भेट झाली. मेंदूचा आलेख, ईईजी, काढला. त्यात ‘किंचित विकृती’ असल्याचा शेरा आला. मेंदूचे चित्र स्वच्छ निघाले. आपल्या देशात या वयातील फिटमागे पुष्कळदा मेंदूत जाऊन बसलेली फीतकृमीची अळी असते; तशी गाठ नाही, हे ऐकून आम्हांला हायसे वाटले. अपस्माराची गोळी सुरू झाली.

गोळीबरोबर घरात एक निराळीच कुजबुज सुरू झाली. मुलीची जात, उद्या स्थळे पाहावयाची, तेव्हा बाहेर वाच्यता नको. आमच्या पिढीतील मंडळींना हे भय का वाटते, ते आम्ही जाणतो. ज्या व्यक्तीला वारंवार अपस्माराचे झटके येतात ती विवाहास अपात्र, अशी तरतूद १९७६ च्या दुरुस्तीने हिंदू विवाह कायद्यात खरोखरच होती. ती १९९९ साली वगळण्यात आली. कायद्यातून शब्द गेला, घराघरांतून गेला नाही. परिणाम असा की, शाळेला काही कळविले नाही, शेजाऱ्यांना ‘अशक्तपणा’ सांगितला, आणि ज्यांनी मुलीला पडताना प्रत्यक्ष पाहिले होते, त्यांच्याशी त्या विषयावर बोलणेच आम्ही बंद केले. आमच्या हातून घडलेली सर्वांत मोठी चूक ती हीच. निदानाचा सारा ऐवज त्याच माणसांपाशी होता.

जानेवारी २०२४ मध्ये, संक्रांतीला, पतंगासाठी गच्चीचा जिना धावत चढताना ती पुन्हा कोसळली. गोळी चार महिने एकदाही न चुकविता चालू होती. मात्रा वाढविण्यात आली. मुलगी मंदावली, वर्गात पेंगू लागली, गणितात मागे पडली. फेब्रुवारीत एका रात्री भाऊ आमच्याकडे आला आणि दिवाणावर बसून एवढेच म्हणाला, “दादा, औषध चालू असताना पडते. मग आजार तरी तोच आहे का?”

आम्ही डॉक्टर नव्हे. आम्हांला येते ते एकच, विचारणे आणि लिहून ठेवणे. दुसऱ्या दिवशी दोनशे पानी वही आणली आणि चारही प्रसंगांचे साक्षीदार गाठले. क्रीडाशिक्षक, तरणतलावावरील शिक्षक, किराणा दुकानदार, जिन्यावर मागे असलेली मैत्रीण. प्रत्येकाला तेच विचारले. पडण्याच्या क्षणी ती काय करीत होती? उभी, बसलेली, निजलेली की धावत? पडण्याआधी काही बोलली काय, डोळ्यांपुढे अंधारी, मळमळ, घाम? कशी पडली, हळूहळू खाली बसली की झाड तोडल्यासारखी? चेहरा पांढरा पडला, निळा झाला की लाल? डोळे उघडे होते की मिटलेले? झटके आधी आले की पडून काही क्षण गेल्यावर? किती वेळ चालले? जीभ चावली गेली काय, आणि कडेला की टोकाला? आणि शुद्धीवर आल्यावर तिचे पहिले शब्द काय होते?

दुकानदारांची साक्ष आम्हांला सर्वांत मोलाची वाटते. तराजू हातात धरण्याची सवय, त्यामुळे माणूस नेमका. ते म्हणाले, “बाई किंचाळली नाही. आधी पडली, मेल्यासारखी निपचित झाली, ओठ पांढरे. मी काउंटर ओलांडून आलो तोवर हात उडू लागले. दहाएक झटके असतील. मग डोळे उघडले आणि मला म्हणाली, काका, कुत्रे गेले का?” क्रीडास्पर्धांच्या दिवशीचे चित्रण एका पालकांच्या मोबाइलमध्ये अजून होते. त्यात अर्ध्या मिनिटाच्या आत मुलगी डोळे उघडते आणि विचारते, पहिली कोण आली?

हे दोन प्रश्न आम्ही वहीत लिहिले खरे, पण त्यांचा अर्थ आम्हांला लागला नव्हता. तो लावला एका वृद्ध डॉक्टरांनी. त्यांनी आपले नर्सिंग होम केव्हाच बंद केले असून घरच्या ओसरीवर सकाळी थोडे रुग्ण पाहतात. त्यांनी वही पहिल्या पानापासून वाचली. वाचून झाल्यावर चष्मा काढून ते म्हणाले, “धावताना, पोहताना, भिऊन पळताना, जिना चढताना. बसलेली असताना एकदा तरी पडली आहे का ही?”

नव्हती. चार प्रसंग चौदा महिने आमच्या डोळ्यांसमोर होते, पण ते कोणी एका ओळीत मांडून पाहिले नव्हते.

त्यानंतर डॉक्टरांनी जे समजावून सांगितले ते वाचकांच्या घरी उपयोगी पडेल, म्हणून थोडे सविस्तर देतो. मुलेमुली या वयात कोसळतात, आणि बहुतेक वेळा कारण साधे असते. रक्तदाब क्षणभर उतरतो, मेंदूला रक्त अपुरे पडते, मूर्च्छा येते. आरतीला उभे असताना, प्रार्थनेच्या वेळी उन्हात, रक्त काढताना सुई पाहून, न्हाणीघरात गरम पाण्याच्या वाफेत. अशा मूर्च्छेला बहुधा पूर्वसूचना असते. कानांत गुणगुण, डोळ्यांपुढे काळोख, मळमळ, घाम, पांढराफटक चेहरा. आडवे केले, पाय उंच धरले की मिनिटाभरात माणूस ठीक होतो. आमच्याच घरातील एक भाचा आठवीपासून बारावीपर्यंत दर गणपतीत एकदा आरतीत पडावयाचा. त्याला भरपूर पाणी पिणे, जेवणात मीठ न टाळणे, आणि डोळ्यांपुढे अंधारी येताच पायांत पाय अडकवून मांड्या आवळणे एवढ्यावर उतार पडला. काही मुलींच्या बाबतीत रक्तक्षयाची भर असते. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पंधरा ते एकोणीस वयाच्या मुलींपैकी ५९ टक्के रक्तक्षयी आढळल्या होत्या. तेव्हा हिमोग्लोबिन पाहणे हा वेळेचा अपव्यय नव्हे.

आता झटक्यांविषयी. मेंदूचे रक्त काही क्षण थांबले की कोणाच्याही अंगात झटके येऊ शकतात. त्याला अपस्मार लागत नाही. १९९४ मध्ये बर्लिन येथील डॉक्टरांनी निरोगी तरुण स्वयंसेवकांना मुद्दाम मूर्च्छा आणून तिचे चित्रण केले, तेव्हा पूर्ण मूर्च्छा आलेल्या दहांपैकी नऊ जणांच्या अंगात झटके दिसले. कपडे ओले होणे हेही दोन्हींत घडते. फरक असतो तो इतरत्र. अपस्मारात झटके मिनिट-दोन मिनिटे चालतात, जीभ कडेला चावली जाते, आणि मुख्य म्हणजे शुद्धीवर आल्यानंतरही माणूस बराच वेळ गोंधळलेला, झोपाळलेला राहतो. आपण कोठे आहोत हेही त्याला उमजत नाही. कुत्रे गेले का, पहिली कोण आली, असे तो विचारीत नाही. आणि मेंदूच्या आलेखाचे म्हणाल, तर अपस्मार असूनही तो पुष्कळदा स्वच्छ येतो आणि काही निरोगी मुलांच्या आलेखात ‘किंचित विकृती’ दिसते. साक्ष भक्कम असेल तेथे तो पुष्टी देतो; साक्षच नसेल तेथे तो दिशाभूल करतो.

आणखी एक प्रकार आहे. मनावरील ताण बोलून दाखविता न आल्याने काही मुले कोसळतात. डोळे घट्ट मिटलेले असतात, अंग पुष्कळ वेळ हलत राहते किंवा निपचित पडते, रंग बदलत नाही. याला घरात ‘सोंग’ म्हणतात. ते सोंग नसते. मूल ते ठरवून करीत नाही, आणि त्यालाही योग्य माणसाची मदत लागते. दरडावून ते थांबत नाही.

या सगळ्यांपेक्षा विरळ आणि या सगळ्यांपेक्षा घातक ती हृदयापासून येणारी मूर्च्छा. श्रमात, धावण्यात, पोहण्यात, दचकण्यात, भीतीत, कोणतीही पूर्वसूचना न देता, हात पुढे करण्याचीही सवड न देता जी येते ती. अशी मूर्च्छा आली की पहिला संशय हृदयावर घ्यावयाचा आणि ते निर्दोष ठरेपर्यंत सोडावयाचा नाही, असे डॉक्टरांचे शब्द होते.

मग त्यांनी आमच्या फाईलमधून तो डिसेंबर २०२२ चा कागद काढला. टेबलाच्या खणातून, शाळकरी मुलांच्या कंपासपेटीत असते तसले, दोन टोकदार पायांचे डिव्हायडर काढले आणि ते आलेखावर ठेवून मोजू लागले. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याचा आलेख उभ्या टोकदार रेघांनी सुरू होतो आणि एका बसक्या, गोल लाटेने संपतो. पहिल्या खुणेला क्यू आणि शेवटच्या लाटेला टी म्हणतात. क्यूच्या आरंभापासून टीच्या अखेरीपर्यंत जो काळ जातो, त्यात हृदयाचे स्नायू आकुंचन पावून पुन्हा विजेने सज्ज होतात. कागदावरील एक लहान चौकट म्हणजे ०.०४ सेकंद. आमच्या मुलीचे अंतर भरले पावणेअकरा चौकटी, म्हणजे ०.४३ सेकंद. नाडी मिनिटाला ८० होती. नाडी जलद तर हे अंतर आपोआप कमी होते, म्हणून त्याला दोन ठोक्यांमधील काळाच्या वर्गमुळाने भागावयाचे, असे बॅझेट या संशोधकाचे १९२० सालचे गणित आहे. भागाकार आला ०.४९६ सेकंद. या वयाच्या मुलीत ०.४६ पर्यंत चालते. यंत्राने टी-लाटेची शेपटी आधीच कापून अंतर कमी धरले होते, आणि ज्यांनी कागद पाहिला त्यांनी यंत्राचे छापील अक्षर तेवढे वाचले होते.

आम्हांला राग आला, हे लपवीत नाही. तो डॉक्टरांनीच निवविला. २००५ साली निरनिराळ्या देशांतील डॉक्टरांना असे काही आलेख मोजावयास देण्यात आले, तेव्हा सर्वसाधारण हृदयरोगतज्ज्ञांपैकी चौथा हिस्सासुद्धा सगळे आलेख बरोबर ओळखू शकला नाही, असे त्यांनी सांगितले. “मीसुद्धा मुलगी ओसरीवर आली असती आणि वही आली नसती, तर मोजले असते की नाही, कोण जाणे.”

या विकाराला लाँग क्यूटी म्हणतात. सुमारे दोन हजारांत एकाला तो जन्मतः असतो. स्नायूंच्या पेशींतून पोटॅशियम बाहेर नेणाऱ्या सूक्ष्म वाटा आनुवंशिक दोषामुळे आळशी असतात. एरवी काही कळत नाही. पण धावताना किंवा भयाने अंगात अॅड्रेनलिन उसळले की हृदयाला पुढच्या ठोक्यासाठी वेळेत सज्ज होता येत नाही. लय बिघडते, हृदय धडधडण्याऐवजी नुसते थरथरते, रक्त पुढे जात नाही. बहुतेक वेळा काही सेकंदांत लय आपली आपण सावरते आणि मुलगी विचारते, पहिली कोण आली. एखाद्या वेळी सावरत नाही. चार वेळा सावरली होती.

वैद्यकाच्या इतिहासात या विकाराची नोंद जुनी आहे. लाइप्झिग येथील माइस्नर या डॉक्टरांनी १८५६ मध्ये एका मूकबधिर मुलीची हकिकत लिहिली. शाळेत सर्वांसमोर बोल लावताच ती जागच्या जागी कोसळून मरण पावली. आईवडिलांना कळविले तेव्हा त्यांना नवल वाटले नाही, कारण त्यांची आणखी दोन मुले, एक भयाने आणि एक संतापाने, अशीच गेली होती. पुढे १९५७ मध्ये नॉर्वेतील जेर्व्हेल आणि लांगे-नील्सन या डॉक्टरांनी एक कुटुंब पाहिले. सहा मुलांपैकी चार बहिरी, चौघांनाही मूर्च्छा, तिघे अकाली गेलेली, आणि आलेखात हेच लांबलेले अंतर. १९६३ मध्ये इटलीत रोमानो आणि १९६४ मध्ये आयर्लंडमध्ये वॉर्ड यांनी दाखविले की ऐकू येणाऱ्या मुलांतही हा विकार असतो, आणि तोच अधिक आढळतो.

मुलीला हृदयाच्या विजेचे काम पाहणाऱ्या तज्ज्ञांकडे अहमदाबादेस नेले. चालत्या पट्ट्यावर चालवून आलेख घेतला, रक्त जनुक-तपासणीस पाठविले. जनुकाचा निकाल यावयास महिना लागला. तो डिव्हायडरच्या निकालाशी जुळला. खर्चाचे आकडे देत नाही. एवढे सांगतो की सगळ्यात स्वस्त तपासणी तीच होती जी पहिल्या दिवशीच झाली होती.

अपस्माराची गोळी तज्ज्ञांच्या सांगण्यानुसार हळूहळू उतरविली. ती एकदम बंद करावयाची नसते. तिच्या जागी प्रोप्रानोलॉल आले. अॅड्रेनलिनचा हृदयावरील हात धरून ठेवणारे हे १९६० च्या दशकातील औषध. ते शोधणारे जेम्स ब्लॅक यांना १९८८ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले होते. या प्रकारच्या विकारात ते चांगले लागू पडते, मात्र एकही गोळी चुकविता कामा नये. शर्यती आणि पोहणे बंद झाले. मुलगी दोन दिवस जेवली नाही. मग शाळेच्या संघाची गुणलेखिका झाली, आणि आता पंचांच्या चुका काढते.

भावजयीने फ्रिजच्या दारावर एक यादी चिकटविली आहे. जी औषधे क्यूटीचे अंतर आणखी लांबवितात त्यांची ती यादी. आपल्या घरांत सर्रास घेतली जाणारी कितीतरी नावे तिच्यात पाहून आम्ही चकित झालो. घशासाठी मिळणारे अॅझिथ्रोमायसिन, उलटीवरील डोमपेरिडोन आणि ऑनडॅनसेट्रॉन, काही बुरशीनाशके. जुलाब-उलट्यांनी शरीरातील पोटॅशियम उतरले तरी धोका वाढतो, म्हणून पोट बिघडले की मीठ-साखर-पाणी लगेच सुरू आणि डॉक्टरांना फोन. शाळेला या वेळी सर्व काही लेखी कळविले. मुख्याध्यापिकांनी चार शिक्षकांना छाती दाबण्याचे शिक्षण देवविले. कोसळलेले माणूस हाकेला ओ देत नसेल आणि नीट श्वास घेत नसेल, तर एकाने १०८ ला फोन करावा आणि दुसऱ्याने छातीच्या मध्यावर दोन्ही तळवे ठेवून मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा, सुमारे पाच सेंटिमीटर खोल दाबत राहावे. श्वास चालू असेल, तर कुशीवर वळवावे, तोंडात काहीही घालू नये आणि घड्याळ पाहावे. शक्य असल्यास एकाने मोबाइलवर चित्रण करावे. ते निर्दयपणाचे दिसते खरे. आम्हीही पूर्वी अशा माणसांवर रागावलो आहोत.

हा विकार आईकडून किंवा वडिलांकडून येतो आणि प्रत्येक अपत्याला तो मिळण्याचा संभव निम्मा असतो. म्हणून ओसरीवरील डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी विचारले होते, “घराण्यात कोणी तरुणपणी अचानक गेले आहे का? कोणी बुडाले?”

भाऊ ‘नाही’ म्हणाला. आम्ही गप्प राहिलो.

आमच्या वडिलांना दोन बहिणी. थोरली १९५७ साली, सतराव्या वर्षी, महेश्वरला नर्मदेत बुडाली. आजोबा तेथे तहसील कचेरीत होते. ती तुंबे बांधून आठव्या वर्षी पोहावयास शिकली होती, आणि घाटावरच्या मुलांना मागे टाकी. तिचे लग्न त्या वैशाखात ठरले होते. पोहणारी मुलगी संथ पाण्यात बुडते कशी? गावाने याचे उत्तर मनोमन देऊन टाकले, आणि घरानेही. आजीने तिचे नाव पुन्हा उच्चारले नाही. तिचे छायाचित्र भिंतीवर कधी लागले नाही. आमच्या भावाला अशी कोणी आत्या होती, हेच ठाऊक नव्हते. आम्हांला ते एका श्राद्धाच्या दिवशी चुकून कानांवर पडले होते.

घरातील अकरा जणांचे आलेख काढले. आमचा निर्दोष निघाला. भावाचा लांब निघाला; त्याला पन्नाशीपर्यंत एकदाही साधी भोवळ आली नव्हती. गुण असून आयुष्यभर न कोसळणारे असे पुष्कळ असतात. आमचे वडील त्यांतलेच असले पाहिजेत. मुलीच्या धाकट्या भावाचा, नऊ वर्षांच्या मुलाचा, आलेखही लांब निघाला. तो अजून एकदाही पडलेला नाही, आणि गोळी आता तोही घेतो.

धाकट्या आत्या देवासला असतात. त्यांचा आलेख काढावयास आम्ही २०२४ च्या एप्रिलमध्ये गेलो. तो स्वच्छ आला. १९५७ मध्ये त्या बारा वर्षांच्या होत्या आणि बहिणीबरोबर घाटावर होत्या. आम्ही वही उघडली आणि इतरांना विचारले होते तेच प्रश्न, त्याच क्रमाने, त्यांना विचारले. सदुसष्ट वर्षांत त्यांना ते कोणी विचारले नव्हते. त्या म्हणाल्या, “ती पलीकडच्या खडकाकडे जोरात हात मारीत चालली होती. अर्ध्यात गेली आणि थांबली. ओरडली नाही. हात वर केला नाही. मी घरी तेच सांगितले, हात वर केला नाही म्हणून. मग सगळे एकमेकांकडे पाहू लागले, आणि मला पुन्हा बोलूच दिले नाही.”

आम्ही त्यांना मुलीचा तरणतलावातील प्रसंग वाचून दाखविला. शिक्षकांची साक्ष आम्ही त्यांच्याच शब्दांत लिहून घेतली होती: जोरात हात मारीत होती, मध्येच थांबली, हात वर केला नाही. आत्यांनी ते दुसऱ्यांदा वाचावयास सांगितले. मग बराच वेळ त्या अंगणातल्या तुळशीकडे पाहत बसल्या.

“म्हणजे तिला तो करताच आला नाही,” त्या म्हणाल्या.

मग उठून त्यांनी कपाटातली पत्र्याची पेटी काढवून घेतली आणि तळाच्या रेशमी खणात गुंडाळलेला एक फोटो आमच्या हाती दिला. तो मोठा करून आणावा, असे सांगितले.